कोल्ह्याचं नाव न घेणारं पुस्तक

पॅट हचिन्स यांचं ‘रोझीज वॉक’ हे चित्रपुस्तक १९६८ साली आलं. त्यात शब्द आहेत अवघे ३२, आणि ते सगळे मिळून एकच वाक्य होतं. रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारायला निघते. अंगण, तळं, गवताची गंजी, गिरणी, कुंपण आणि मधमाश्यांच्या पेट्या अशी शेतावरची फेरी पुरी करून ती जेवणाच्या वेळेला घरी परतते. मजकूर एवढाच. चित्रांत मात्र सुरुवातीपासून एक कोल्हा तिच्या मागावर आहे. तो दाताळ्यावर पाय देतो आणि दांडा उसळून त्याच्या तोंडावर बसतो. मग तो तळ्यात पडतो, गंजीत गाडला जातो, पिठानं माखतो आणि शेवटी मधमाश्या पाठी लागल्यावर धूम ठोकतो. रोझीला यातलं काहीच कळत नाही आणि मजकुरात कोल्ह्याचा साधा उल्लेखही येत नाही. नुकतंच अक्षरं जुळवायला लागलेलं मूल इथे रोझीपेक्षा जास्त जाणतं, पुस्तकातल्या वाक्यापेक्षाही जास्त जाणतं, आणि त्याला हसू येतं ते त्यामुळेच. गोठ्यातल्या-अंगणातल्या प्राण्यांच्या विनोदी चित्रपुस्तकांकडे आपण मुलाला रमवण्याचं साधन म्हणून पाहतो. माझं म्हणणं असं की त्यातली उत्तम पुस्तकं वाचायला शिकवतात, आणि ती शिकवतात ती विनोदामुळेच. अट एकच: चित्र आणि शब्द यांनी एकच गोष्ट सांगता कामा नये.

नवशिक्या वाचकाची अडचण इंग्रजी प्रकाशनविश्वाला बरीच आधी उमगली होती. अमेरिकी शाळांतली वाचनपुस्तकं मुलांना कंटाळा आणतात, अशी तक्रार जॉन हर्सी यांनी १९५४ साली ‘लाइफ’ या साप्ताहिकात केली. त्यानंतर तीन वर्षांनी डॉ. स्यूस यांनी २३६ वेगवेगळ्या शब्दांत ‘द कॅट इन द हॅट’ रचलं आणि १९६० साली ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ तर ५० शब्दांत बसवलं. मोजक्या शब्दांतही धमाल करता येते हे त्यांनी सिद्ध केलं, पण त्यांची भिस्त यमकावर आणि इंग्रजी शब्दांच्या आखूडपणावर होती. ती करामत दुसऱ्या भाषेत नेणं अतिशय कठीण. हचिन्स यांची वाट वेगळी आहे. त्यांनी हसवण्याचं काम चित्राकडे सोपवलं आणि शब्दांना गप्प राहू दिलं. मराठीला हीच वाट जवळची आहे, आणि त्याचं कारण आपल्या लिपीत आहे. मराठीत अक्षर ओळखलं की उच्चार बहुतेक ठरलेला असतो, ही मोठीच सोय. पण ओळखायची अक्षरं किती! व्यंजनं, स्वर, काना-मात्रा-वेलांट्या-उकार, आणि वर जोडाक्षरं. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. अक्षरांवर पकड येण्याचं काम पहिलीत संपत नाही, पुढच्या इयत्तांतही ते चालूच राहतं, असं त्यात दिसलं. कन्नड आणि देवनागरी या लिप्यांची घडण एकाच जातीची असल्यानं मराठी मुलाची गत फार निराळी असण्याचं कारण नाही. म्हणजे कानानं भलीमोठी गंमत समजू शकणारं सहा-सात वर्षांचं मूल डोळ्यांनी मात्र ‘बदक आलं’ एवढंच वाचू शकतं. त्याची बुद्धी आणि त्याचं वाचन यांच्यात हे जे अंतर पडतं, ते शब्द वाढवून भरता येत नाही. चित्रालाच ते भरावं लागतं.

यावर वाचन-शिक्षणाच्या अभ्यासकांचा एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. चित्रात इतका मजकूर ओतला तर मूल अक्षरांकडे पाहणारच नाही, चित्र बघून शब्दाचा अंदाज बांधेल, असं ते म्हणतात. वाचन म्हणजे एक अंदाजांचा खेळ आहे, अशी मांडणी केनेथ गुडमन यांनी १९६७ साली केली आणि तिचा पगडा अनेक देशांतल्या वर्गांवर बराच काळ राहिला. पुढे कीथ स्टॅनोविच आणि इतरांच्या संशोधनातून उलट चित्र समोर आलं. सराईत वाचक शब्द ओळखण्यासाठी अक्षरांवर विसंबतो, संदर्भावरून अंदाज बांधण्याची गरज कच्च्या वाचकाला जास्त पडते. हे मला पूर्ण मान्य आहे. पण या आक्षेपाचा रोख कुठल्या पुस्तकांवर आहे ते पाहू. गाईचं चित्र आणि खाली ‘ही गाय आहे’ असं वाक्य. इथे मुलाला अक्षरं वाचण्याची गरजच नाही, चित्र पाहून ते अख्खं वाक्य म्हणून टाकेल आणि आपण म्हणू की वाचता यायला लागलं. आता ज्यूल्स फायफर यांचं १९९९ सालचं ‘बार्क, जॉर्ज’ घ्या. कुत्री आपल्या पिल्लाला भुंकायला सांगते, तर ते मांजरासारखं ओरडतं. पुन्हा सांगते, तर बदकाचा आवाज, मग डुकराचा, मग गाईचा. गुरांचा डॉक्टर त्याच्या घशात हात घालून एकेक प्राणी बाहेर काढतो आणि शेवटी त्या एवढ्याशा पिल्लातून सबंध गाय निघते. इथे चित्रात कुत्रा आहे आणि शब्द आहे मांजराचा. चित्रावरून अंदाज बांधणारं मूल ‘भू भू’ म्हणेल आणि फसेल. गंमत कळायची असेल तर ‘म्याव’ हीच अक्षरं नीट वाचावी लागतात. तेव्हा अंदाजाची सवय लावतं ते शब्दांची री ओढणारं, आज्ञाधारक चित्र. शब्दांशी फटकून वागणारं चित्र मुलाला पुन्हा अक्षरांपाशी आणतं.

विनोदाच्या या जातीत आवाज फार उपयोगी पडतात, आणि म्हणूनच शेतावरचे प्राणी नवशिक्या वाचकाचे खरे सोबती ठरतात. मार्टिन वॉडेल यांनी लिहिलेल्या आणि हेलन ऑक्सनबरी यांनी चितारलेल्या ‘फार्मर डक’मध्ये (१९९१) आळशी शेतमालक दिवसभर लोळतो आणि सगळी कामं बदक उपसतं. मालक खिडकीतून कामाची चौकशी करतो, बदक दर वेळी एकच आवाज काढतं. मुलाला तो आवाज दुसऱ्या पानापर्यंत पाठ होतो आणि दमलेल्या वाचकाला तेवढा विसावा मिळतो. बदकाचा शीण मात्र पानागणिक वाढतो, तो फक्त चित्रात. पुढे गाय, मेंढ्या आणि कोंबड्या रात्री गुप्त बैठक घेऊन मालकाला हाकलण्याचा बेत करतात. ती बैठक प्राण्यांच्या आवाजांतच चालते, बेत शब्दांत कुठेच सांगितलेला नाही, तरी एकही मूल तो चुकत नाही. डोरीन क्रोनिन आणि बेट्सी लेविन यांच्या ‘क्लिक, क्लॅक, मू’मध्ये (२०००) गाईंना जुना टाइपरायटर सापडतो. गोठ्यात थंडी वाजते म्हणून त्या विजेवर तापणाऱ्या पांघरुणांची मागणी लिहून पाठवतात आणि नकार मिळाल्यावर दूध बंद करतात. हे पुस्तक मुलाला वाचून दाखवण्याजोगं आहे. पण त्यातल्या चिठ्ठ्या आखूड आहेत आणि प्रत्येक चिठ्ठी वाचली गेली की शेतावर काहीतरी बदलतं. वाचता-लिहिता आल्यानं दुबळ्याच्या हाती काय येतं, हे याहून सोप्या रीतीनं सांगणारं पुस्तक मला ठाऊक नाही. शेवटी बदकांनी तळ्याकाठी उडी मारायची फळी मागितलेली असते. ती मिळाली की नाही हे शब्द सांगत नाहीत, शेवटचं चित्र सांगतं.

महाराष्ट्रात ही पुस्तकं नेताना एक प्रश्न टाळता येत नाही. इथे शेतकरी कर्जानं आणि दुष्काळानं पिचलेला असताना शेतकऱ्याची फजिती हा मुलांच्या हसण्याचा विषय कसा होऊ शकतो? प्रश्न प्रामाणिक आहे. पण ‘फार्मर डक’मध्ये फजिती होते ती बिछान्यात लोळणाऱ्या मालकाची, राबणारं बदक आहे. ज्या मुलाचे आईबाप दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात, त्याला कुणाच्या बाजूनं उभं राहायचं हे सांगावं लागणार नाही. माझी अडचण वेगळीच आहे. लाल रंगाची लाकडी कोठारं आणि पांढरी कुंपणं जशीच्या तशी मराठीत आणली, तर निम्मी गंमत वाया जाते, कारण प्राण्याचं रोजचं वागणं ठाऊक असेल तरच त्याच्या विपरीत वागण्याचं हसू येतं. दावं तोडून पळणारी कालवड, वाळवण खाणारी शेळी, रस्त्याच्या मधोमध बसून एसटी अडवणारी म्हैस हे आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोरचं भांडवल आहे. म्हैस जोडाक्षरानं सुरू होते म्हणून पहिल्या पुस्तकात तिला जागा देणं लेखकाला अवघड जातं. पण तिचं नाव लिहायचंच कशाला? ‘बस थांबली’ एवढे दोन शब्द लिहावेत आणि म्हैस चित्रात बसवावी.

तात्पर्याचा आग्रह धरणाऱ्यांशी मात्र मी फार वाद घालणार नाही. इसापनीती आणि पंचतंत्र आपल्याकडे आहेत, ती वाचली जावीत. पण मुलानं स्वतः शोधलेल्या गमतीखाली मोठ्यांनी बोधवाक्य लिहिलं, तर तुझा शोध महत्त्वाचा नव्हता असंच आपण त्याला सांगत असतो.

प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर पातळीनिहाय मराठी गोष्टी खुल्या परवान्यानं उपलब्ध आहेत, ज्योत्स्ना प्रकाशनासारख्या संस्थांनी चित्रपुस्तकाची कदर वाढवली आहे. कमी आहे ती कामाच्या रीतीत. मजकूर आधी पुरा करायचा आणि मग सजावटीसाठी चित्रकाराकडे धाडायचा, या रीतीतून कोल्ह्याला गाळणारं वाक्य लिहिलंच जाणार नाही. हचिन्स आणि फायफर स्वतः लिहीत आणि स्वतः काढत. आपल्याकडे माधुरी पुरंदरे दोन्ही करतात. ज्यांना दोन्ही साधत नाही अशा लेखक-चित्रकारांना प्रकाशकांनी पहिल्या कच्च्या खर्ड्यापासून एकत्र बसवावं, मानधन आणि मुखपृष्ठावरचं नाव दोघांना सारखं द्यावं, आणि चित्रानं सांगितलेला प्रत्येक शब्द मजकुरातून काढून टाकण्याचा अधिकार संपादकाला द्यावा. पालकांनीही पुस्तक विकत घेण्याआधी एक पान हातानं झाकून पाहावं: आधी चित्र झाकून, मग शब्द झाकून. दोन्ही वेळा तेच कळलं, तर ते पुस्तक दुकानातच राहू द्यावं.