काचेच्या पेटीतला पाहुणा

मागच्या वर्षी लेकीकडे टेक्सासला गेले होते. पहिल्याच रात्री १२ वर्षांच्या नातवाने हाताला धरून आपल्या खोलीत नेले. "नानी, घाबरू नकोस हं," म्हणाला आणि टॉर्च लावला. काचेच्या पेटीत, ओल्या मातीवर, बोटाएवढा काळाकुट्ट विंचू! माझे बालपण कोकणातले. लाकडांच्या ढिगात विंचू दिसला की हात चपलेकडे जायचा. तसाच तो तेव्हाही गेला.

"नानी, हा चावत नाही, डसत नाही. याला नांगीच नाही!"

पोरगा खरे सांगत होता. याला व्हिप स्कॉर्पियन म्हणतात, कारण शेपटी चाबकाच्या दोरीसारखी बारीक. मेक्सिकोत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात तो सापडतो. विष अजिबात नाही. सतावले तर मात्र शेपटीच्या बुडातून आंबट फवारा मारतो. त्यात ८० टक्क्यांहून जास्त ॲसिटिक ॲसिड असते, म्हणजे सिरक्यातले आम्ल. म्हणून तिकडचे लोक त्याला व्हिनेगरून म्हणतात. फवारा डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो. त्यामुळे तोंड जवळ न्यायचे नाही, हा घरचा पहिला नियम. खाणे म्हणजे रातकिडे आणि झुरळे. हे ऐकून माझे मन जरा निवळले.

काही दिवसांनी त्याने मातीत बीळ केले आणि आत जाऊन तोंड बुजवून घेतले. एक महिना गेला, दोन गेले. लेक म्हणाली, "अम्मी, मेला असेल. पेटी रिकामी करून टाकू या." मीही हो म्हटले. नातू पेटीसमोर उभाच राहिला. "तो कात टाकतोय. आता उकरलं तर खरंच मरेल." तो रोज माती ओली आहे का ते बघायचा, पण बोट लावायचा नाही. पाच मिनिटे एका जागी न बसणारे हे पोर!

तिसऱ्या महिन्यात एका रात्री हाक आली. बिळाच्या तोंडाशी तो उभा होता. अंग तांबूस, पुढचे चिमटे पांढरेफटक. हळूहळू रंग पुन्हा काळा झाला. मी गप्प बसले. माझे ऐकले असते तर जिवंत प्राणी कचऱ्यात गेला असता.

मग मी विचारले, "बाळा, हा आणला कुठून?" "दुकानातून." "आणि दुकानदाराने?" त्याने शोधून काढले. बाजारात येणारे बरेचसे रानातून पकडलेले असतात, कारण यांची वाढ फार सावकाश होते. मोठे व्हायला तीन-चार वर्षे लागतात. मादी अंड्यांची पिशवी पोटाशी घेऊन बिळात महिनोन्महिने उपाशी बसते. पांढरी पिल्ले निघाली की पाठीवर वागवते. ती आपापल्या वाटेला लागली की बहुधा लवकरच मरते. वाचता वाचता नातवाचा आवाज बारीक झाला. "नानी, दुसरा आणायचा नाही. याला मात्र शेवटपर्यंत सांभाळायचं."

आपल्याकडेही मुले मोबाइलवर असे प्राणी बघून हट्ट धरतात. भगिनींनो, एकदम "शी!" म्हणू नका आणि लगेच विकतही आणू नका. आधी मुलाला तीन गोष्टी विचारा. हा आला कुठून? कित्येक वर्षे रोज याच्याकडे कोण बघणार? आणि महिनोन्महिने दिसला नाही तरी तुला चालेल का? आपल्या देशातल्या दमट जंगलांतही याचे भाऊबंद राहतात. सहलीत कधी दगडाखाली दिसला, तर मुलाला लांबून दाखवा आणि दगड हळूच पुन्हा होता तसा ठेवा.

काल नातवाचा फोन आला. व्हिनेगरून पुन्हा मातीखाली गेला आहे. या वेळी पेटी रिकामी करू या, असे घरात कोणीच म्हटले नाही.