उठण्याची शक्ति

घरांतील वडील माणसांच्या प्रकृतीची चौकशी करतांना आपण बहुधा रक्तदाब, मधुमेह, झोंप आणि भूक ह्यांविषयीं विचारतों. आजोबा पाटावरून हात न टेकतां उठतात कीं नाहीं, आजी जिन्याचा कठडा केव्हांपासून धरूं लागल्या, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक उतारवयांत माणूस स्वतंत्र राहणार कीं परस्वाधीन होणार, हें पुष्कळ अंशीं ह्याच गोष्टींवर अवलंबून असतें. न्हाणीघरांत व शौचास एकट्यानें जातां येणें, तेथून एकट्यानें उठतां येणें, ह्यांत वृद्धाची केवळ सोय नसते. त्याची अब्रूहि असते.

स्नायूंच्या सामर्थ्याविषयीं बोलतांना दोन गोष्टींची नेहमीं गल्लत होते. जड वस्तु उचलण्याची किंवा ढकलण्याची क्षमता म्हणजे बल. तें बल किती वेगानें कामीं येतें, ह्यावरून ठरते ती शक्ति. पदार्थविज्ञानाच्या भाषेंत सांगावयाचें तर बल आणि वेग ह्यांचा गुणाकार म्हणजे शक्ति. भरलेली बादली सावकाश उचलून ठेवणाऱ्या आजोबांच्या अंगीं बल आहे. परंतु ओल्या फरशीवर पाय घसरला असतां क्षणार्धांत दुसरें पाऊल पुढें टाकून तोल सांवरावयाचा, तर त्यास शक्ति हवी. बल अंगांत असूनहि तें वेळेवर हजर झालें नाहीं, तर त्याचा उपयोग काय?

वयोमानानें बल कमी होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. पण शक्ति त्याच्या आधीं आणि त्याहून झपाट्यानें ओसरते, हें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ह्याचें एक मोठें कारण स्नायूंच्या घडणींत आहे. स्नायूंत मंद आणि शीघ्र असे मुख्यतः दोन प्रकारचे तंतु असतात. उभें राहणें, सावकाश चालणें हीं कामें मंद तंतु न थकतां करीत राहतात. चटकन् उठणें, जिना चढणें, पडतां पडतां सांवरणें हें शीघ्र तंतूंचें काम. आणि वार्धक्यांत ऱ्हास होतो तो विशेषेंकरून ह्यांचाच. म्हणून रोज सकाळीं तासभर फिरून येणारे गृहस्थहि खुर्चींतून उठतांना दोन्ही हातांनीं रेटा देतांना दिसतात. फिरणें हृदयाला उत्तम. पण सावकाश फिरण्यानें शीघ्र तंतूंना पुरेसें काम मिळत नाहीं.

मग म्हातारपणीं गेलेलें परत येतें काय? पुष्कळसें येतें. अमेरिकेंतील बोस्टन येथें नव्वदीच्या घरांतील दहा वृद्धांना आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंचा वजनी व्यायाम देण्यांत आला. त्याचा वृत्तान्त १९९० सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं तो क्रम पुरा केला त्यांचें बल सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढलें. पुढें २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत वृद्ध स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटानें वजन सावकाश ढकललें, दुसऱ्यानें शक्य तितक्या वेगानें. सोळा आठवड्यांनंतर दोन्ही गटांचें बल सारखेंच वाढलें. पण शक्ति अधिक वाढली ती वेगानें ढकलणाऱ्यांची.

आतां आपल्या घरांतील रीत पहा. सासूबाई पाण्यासाठीं उठूं लागल्या कीं सून म्हणते, “आई, तुम्ही बसा, मी आणतें.” मुलगा वडिलांसाठीं उंच खुर्ची आणतो, नातू काखेंत हात घालून ओढून उठवितो. हेतु चांगला, भक्तिहि खरी. परंतु दिवसांतून वीस वेळां आपोआप होणारा व्यायाम ह्या प्रेमापोटीं बंद पडतो. आजारपणांत तर हें फारच जपावें. २००७ सालच्या एका पाहणींत निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवलें असतां त्यांच्या पायांचें सुमारें एक किलो मांस झडलें.

परीक्षा घरींच करतां येते. न हालणारी खुर्ची भिंतीस टेकवून ठेवावी; हात छातीशीं दुमडून पांच वेळां पूर्ण उठावें व बसावें, आणि कोणीतरी घड्याळ लावावें. आशियाई तज्ज्ञांच्या मंडळानें २०१९ सालीं ठरविल्याप्रमाणें ह्यास बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर पायांकडे लक्ष देण्याची वेळ आली असें समजावें.

व्यायामहि तोच. उठतांना झटकन् उठावें. बसतांना तीन अंक मोजीत सावकाश बसावें. श्वास कोंडूं नये. आठ-दहा वेळां करून विश्रांति घ्यावी, पुन्हां तितकेंच करावें. एक दिवसाआड पुरें. आरंभीं हातांचा थोडा आधार घेतला तरी चालेल. हृदयविकार, चक्कर, नुकतेंच मोडलेलें हाड किंवा गुडघ्यांत तीव्र वेदना असल्यास आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

स्नायूंना खाद्यहि हवें. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर वृद्धांस दर किलो वजनामागें रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनें लागतात; म्हणजे ६० किलोच्या माणसास ६० ते ७२ ग्रॅम. रात्रींच्या नुसत्या ताक-भातानें तीं मिळत नाहींत, आणि एकादशीच्या साबुदाण्यांत तर जवळजवळ निव्वळ पिष्टच. दाट वरण, उसळी, दूध, दही ह्यांचा वांटा दोन्ही जेवणांत वाढवावा.

वडील माणसें उठूं लागलीं म्हणजे घरच्यांनीं जवळ जरूर उभें रहावें, वाटेंतील पायपुसणें दूर करावें, फरशी कोरडी ठेवावी. पण हात पुढें करण्यापूर्वी दोन क्षण थांबावें. उठण्याचा यत्न त्यांचा त्यांनाच करूं द्यावा. मदत मागितली तरच द्यावी.