पंचायतीचा ठराव आणि सभागृहाची किल्ली

रायगडाच्या पायथ्याचें आमचें पाचाड साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे, तें जिजाऊमाउलीच्या समाधीमुळें. ६ जूनला राज्याभिषेकदिनीं येथून गडाकडे माणसांची रीघ लागते. त्या दिवशीं फोटो सर्वांचे निघतात. पण दुसऱ्या दिवशीं पत्रावळी व पाण्याच्या बाटल्या गोणींत भरणारीं पोरें कोणाचीं, हें पाहावयास फारसें कोणी थांबत नाहीं. तीं पोरें तरुण मंडळांचीं असतात. त्यांस मजुरी नाहीं, भत्ता नाहीं.

२२ जुलै २०२१ ची गोष्ट तर कोणी विसरलेला नाहीं. सावित्री व गांधारीचें पाणी महाड शहरांत शिरलें, आणि त्याच दिवशीं तळीये गांवावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. रस्ते तुटले, फोन बंद पडले. अशा वेळीं पहिला हात लागतो तो शेजारच्या वाडीचा. मागाहून महाडच्या घराघरांतला चिखल उपसण्यास दूरदूरचीं मंडळें आलीं, तींही स्वतःच्या खर्चानें.

महाड-पोलादपूरच्या शेतकरी-कारागिरांस हें नवें नाहीं. आमचे बापजादे मुंबईच्या गिरण्यांत राबले, गांवच्या खोलींत दाटीनें राहिले, आणि पगारांतून वर्गणी काढून त्यांनीं गांवीं शाळेची खोली, देऊळ, पाण्याचा नळ उभा केला. १९८२ च्या संपानें गिरणी गेली तरी मुंबईकर मंडळ गेलें नाहीं. आज त्याच्या जोडीला बायकांचे बचत गट आले आहेत.

मग प्रश्न असा कीं, जी पंचायत आपल्या घरपट्टीवर चालते, तिनें या मंडळांस व गटांस काय द्यावें? कायद्यानें तिचे हात बांधलेले नाहींत. ग्रामपंचायतीनें स्वतःच्या उत्पन्नांतून १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांवर व ५ टक्के दिव्यांगांवर खर्चावे, असा सरकारचा नियमच आहे. पण हा पैसा बहुधा कसा जातो? मार्च महिना आला कीं घाईघाईनें भांडीं किंवा शिलाईयंत्रें वाटलीं जातात, हार होतात, फोटो होतो. यंत्र दुरुस्त कोण करील, शिवलेलें विकेल कोठें, हें कोणी विचारीत नाहीं.

आम्ही शाळामास्तर म्हणून ज्या गांवीं पूर्वीं नोकरी केली, त्या एका गांवची हकीकत सांगतों. तेथें एका गटाच्या बायकांनीं पापड-कुरडयांसाठीं सभागृह मागितलें. पंचायतीनें एकमतानें ठराव केला. ठराव सुवाच्य अक्षरांत लिहिला गेला, आणि किल्ली मात्र एका सभासदाच्या घरीं खुंटीस राहिली. आज या, उद्यां या, असें करितां करितां उन्हाळा सरला व पाऊस आला. त्या किल्लीचें कारणही आम्हांस मागाहून कळलें. गटांत बौद्धवाडीच्या तीन बायका होत्या.

महाडच्या माणसानें ठरावावर भुलूं नये, याला इतिहास आहे. रावबहादूर बोले यांनीं १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मंजूर करविला. त्यास धरून महाड नगरपालिकेनें ५ जानेवारी १९२४ रोजीं चवदार तळें खुलें केलें, म्हणजे कागदावर केलें. तीन वर्षें अस्पृश्य बांधवांस त्याचा घोट मिळाला नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हां कोठें पाणी ओंजळींत आलें. आणि त्याच नगरपालिकेनें ४ ऑगस्ट १९२७ रोजीं आपला ठराव मागें घेतला! हायकोर्टाचा निकाल बाधला तो १९३७ सालीं. ठराव व पाणी यांमध्यें लोकांची संघटना उभी राहिली नसती, तर तो ठराव दप्तरांत वाळवीनें खाल्ला असता.

आतां दुसरी बाजूही बोललीच पाहिजे. पंचायतीचे चार रुपये घेतले कीं मंडळाची जीभ लुळी पडते. निवडणुकीच्या वर्षीं मंडळास ताशा व टी-शर्ट मिळतात, आणि मग नळास पाणी कां नाहीं हें विचारण्यास तेंच मंडळ कचरतें. जोतीराव फुले १८७६ पासून पुणें नगरपालिकेचे सभासद होते. तरी १८७७ च्या दुष्काळांत धनकवडीस उपाशी मुलांचें अन्नछत्र त्यांनीं व सत्यशोधक मंडळींनीं वर्गणीवर चालविलें. आणि १८८० सालीं लॉर्ड लिटनच्या स्वागतास हजार रुपये खर्चावयाचे ठरले, तेव्हां त्यांनीं एकट्यानें विरोध केला. सभासदही असावें आणि ‘नाहीं’ही म्हणावें, अशी ती छाती होती.

आमचीं मंडळेंही धुतल्या तांदळासारखीं नाहींत. वर्गणीचा हिशेब दोघांच्या डोक्यांत, गट बायकोच्या नांवें व बँकेचें पुस्तक नवऱ्याच्या खिशांत, हें आम्हीं पाहिलें आहे. पंचायतीकडे हिशेब मागणारानें आपला हिशेब आधीं देवळाच्या पडवींत वाचावा. तसें केलें म्हणजे पुढची मागणी ताठ मानेनें करितां येते. सभागृहाची किल्ली ग्रामपंचायत कचेरींत नोंदवहीसह राहावी. कोणत्या मंडळास काय दिलें, तें फळ्यावर लिहावें. गाळ काढणें, पायवाट दुरुस्त करणें, गडाच्या वाटेवरचा कचरा उचलणें अशीं जीं कामें गांवचा गट करूं शकतो, तीं बाहेरच्या ठेकेदारास देऊं नयेत, आणि केलेल्या कामाचा पैसा महिनोन्‌महिने अडकवूं नये. वरच्या आळीच्या भजनी मंडळास जो मान, तोच बौद्धवाडीच्या, धनगरवाड्याच्या व कातकरवाडीच्या गटास मिळावा.

१५ ऑगस्टची ग्रामसभा जवळ येत आहे. ज्यांस आपण ग्रामसेवक म्हणतों त्यांच्याकडे त्या दिवशीं १०, १५ व ५ टक्क्यांचा मागील सालचा खर्च नांवानिशीं वाचून दाखविण्याची लेखी मागणी आधींच देऊन ठेवा व पोंच घ्या. कातकरी बांधवांस मुद्दाम बोलावणें करा. दिवाळीनंतर ते वीटभट्टीवर निघून जातात, आणि जानेवारीच्या सभेला त्यांच्या वाडींतून हात वर करावयास कोणी उरत नाहीं.