काळी-पिवळीवाल्याचं कोण?

आमच्या बचत गटातली एक बाई परवा बैठकीला आली ती रडतच. तिचा नवरा काळी-पिवळी चालवतो. पुढच्या सीटवर आणखी एकाला बसू दिलं नाही, म्हणून दोघांनी त्याला गाडीबाहेर ओढून मारलं. ओठ फाटला, दिवसाची कमाई बुडाली. ‘‘ताई, पोलीस म्हनते एनसी घेतली. आता काय होईन वो?’’ मला उत्तर देता येईना. ओळखीच्या वकिलांना विचारलं, तेव्हा उलगडा झाला.

एसटीच्या ड्रायव्हरवर ड्युटीवर असताना कुणी हात टाकला, तर तो लोकसेवकावरचा हल्ला ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम १३२ आहे. पोलीस थेट गुन्हा नोंदवतात, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काळी-पिवळीवाला त्याच रस्त्यावरून तेच प्रवासी नेतो, पण तो पडला खासगी माणूस. त्याला झालेली साधी मारहाण कलम ११५ मध्ये येते आणि ती अदखलपात्र! न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. मार खाणारा एकच, रस्ता एकच, पण कायदा मात्र दोन.

टॅक्सीवाल्यावर राग काढणं सोपं असतं. तो एकटा असतो आणि त्याचं पोट त्या गाडीवर असतं. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत परप्रांतीय टॅक्सीवाल्यांना मारहाण झाली, गाड्यांच्या काचा फुटल्या, ते आपण वाचलंच. आपल्याकडे कारण प्रांताचं नसतं. सुटे पैसे, जागा, नाहीतर दारू एवढं पुरतं.

काळी-पिवळीत माणसं कोंबतात, बायकांना अवघडून बसावं लागतं, हे खरंच. त्याची तक्रार आरटीओकडे जरूर करावी. पण म्हणून कुणी ड्रायव्हरच्या कानाखाली वाजवावी का? २०२१-२२ मध्ये एसटीचा संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हा दवाखान्यात आणि माहेरी आपल्याला याच गाड्यांनी पोचवलं ना?

सरकारनं खासगी प्रवासी वाहनांच्या चालकांनाही कामावर असताना तसंच संरक्षण द्यावं, ही मागणी आपण लावून धरायला हवी. तोवर ड्रायव्हरच्या घरच्या बायकांनी एवढं लक्षात ठेवावं. मार लागला तर आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. हाड मोडलं किंवा दात पडला, तर ती गंभीर दुखापत ठरते आणि पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो. एनसीची प्रत मागून घ्या. ती घेऊन कोर्टात दाद मागता येते.

आणि मैत्रिणींनो, गाडीत बसलेल्या आपण? त्या दिवशी गाडीत आठ-दहा जण होते. साक्ष द्यायला एकही आला नाही. मोबाईल तर आता प्रत्येकीच्या पर्समध्ये आहे. ११२ नंबर फिरवायला कितीसा वेळ लागतो?

तो ड्रायव्हर दुसऱ्याच दिवशी सुजलेल्या ओठानं पुन्हा गाडीवर गेला. जाणार नाही तर काय करणार? गाडीचा हप्ता थांबत नाही.