कारागृहाची नोंद आणि घरची वही

“पणजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होते,” असे ज्या घरी सांगितले जाते, त्या घराने ही गोष्ट आता कागदावर आणावी. पूर्वी कारागृहाची नोंद न मिळाल्यास बरोबरच्या कैद्याचे प्रमाणपत्र ग्राह्य धरीत. ते सोबती आता राहिले नाहीत. उरले आहेत ते कागदच.

शोधाच्या आरंभी एक भेद ध्यानात घ्यावा. शिक्षा झालेल्यावर खटला चाले; कलम, मुदत आणि दंड निकालपत्रात येई. स्थानबद्धास मात्र भारत संरक्षण नियमांखाली केवळ सरकारी हुकमाने अटकेत ठेवीत. ऑगस्ट 1942 मध्ये नगरच्या किल्ल्यात पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद प्रभृतींना आणले, ते असेच खटल्यावाचून. म्हणून न्यायालयात निकाल सापडला नाही, एवढ्यावरून कारावास घडलाच नाही असे ठरत नाही. अशा वेळी मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातील गृहखात्याचे जुने दप्तर पाहावे.

संगमनेरच्या सत्याग्रहीची नोंद संगमनेरातच मिळेल असेही नाही. कायदेभंगाच्या काळात जिल्ह्यातील विसापूरच्या तुरुंगात कित्येक सत्याग्रही होते. नाशिक आणि येरवडा येथेही कैदी पाठवीत. त्या त्या कारागृहाच्या अधीक्षकांकडे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि अंदाजे वर्ष देऊन लेखी अर्ज करावा. इंग्रजी नोंदीत आडनावाच्या जागी गोत्र, गाव किंवा नुसते ‘मारवाडी’ असण्याचा संभव असतो. म्हणून वडिलांच्या नावावरूनही शोध घ्यावा.

निवृत्तिवेतनाच्या यादीत नाव नसल्यास निराश होऊ नये. केंद्राच्या 1972 च्या योजनेत सर्वसाधारणपणे किमान सहा महिन्यांच्या कारावासाची अट होती. तीन महिने तुरुंगात काढलेला दुकानदार त्या यादीत कसा सापडावा?

व्यापारी घराजवळ आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे वही. त्या वर्षाचा रोजमेळ आणि खतावणी काढावी. मोडी किंवा महाजनी अक्षर जाणकाराकडून वाचून घ्यावे. वकिलाची फी, भरलेला दंड, भेटीस जाण्याचे रेल्वेभाडे, एका तिथीपासून बदललेले हस्ताक्षर, यांवरून सरकारी कागदाची तारीख पडताळता येते. दिवाळीच्या आवराआवरीत अशा वह्या रद्दीत घालू नयेत.

नगरचे कुंदनमल फिरोदिया स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. त्यांचे कार्य इतिहासात नोंदले गेले. मुनिमाच्या हाती किल्ल्या देऊन गेलेल्या साध्या दुकानदाराची आठवण मात्र त्याच्या घरानेच राखावयाची असते.

ती राखताना सत्य आणि अचौर्य ही व्रते विसरू नयेत. ऐकिवात तीन वर्षे असतील आणि नोंदीत तीन आठवडे निघतील. कदाचित घरच्या आजारपणामुळे हमीपत्र लिहून सुटका करून घेतल्याचा कागदही हाती येईल. तोही जपावा. न भोगलेल्या कारावासाचे श्रेय घेणे हे परधन घेण्यासारखेच आहे. आणि जे तीन आठवडे त्या माणसाने खरोखर आत काढले, त्यांना वाढीव आकड्याची गरज नाही.