बांध कुणी दाखवायचा?

वाचकहो, युद्धाची बातमी आली की आपण किती मेले ते पाहतो आणि पान उलटतो. आम्हीही तेच करीत आलो. पण आम्ही पडलो जमाखर्च लिहिणारी माणसे. युद्धात लहान शेतकऱ्याचे नेमके काय काय जाते, त्याची एकदा खतावणी मांडून पाहावी असे वाटले. त्यासाठी आज आफ्रिकेतल्या युगांडा देशाच्या उत्तर भागात जाऊ.

युगांडा म्हटले की जुन्या मंडळींना इदी अमीन आठवतो. ही हकीकत त्याची सत्ता गेल्यानंतरची. गुलू, कितगुम या भागात अचोली लोक राहतात. शेती पावसावरची. पिके ऐकलीत तर आपल्या घरचीच वाटतील. ज्वारी, नाचणी, तीळ, तूर, भुईमूग. शिवाय ज्याचा साबुदाणा होतो तो कंद. नांगराला बैल होते. घराशेजारी गवताने शाकारलेली कणगी होती, तिच्यातच पुढच्या वर्षाचे बियाणे असे.

1986 साली योवेरी मुसेवेनी यांनी सत्ता घेतली आणि उत्तरेत बंड पेटले. पुढे जोसेफ कोनीची टोळी गावे लुटू लागली, हजारो मुलामुलींना पळवून नेऊ लागली. लढाई सुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच बहुतेक गुरे गेली. बरीचशी शेजारच्या करामोजा भागातल्या हल्लेखोरांनी हाकून नेली. सैनिकांनीही नेली, असे लोक सांगतात. बैल गेला तिथे नांगर संपला. राहिली कुदळ.

मग 1996 पासून सरकारने लोकांना छावण्यांत आणले. नाव दिले ‘संरक्षित गावे’. ऑक्टोबर 2002 मध्ये तर 48 तासांत गाव सोडा, असा लष्कराचा हुकूम निघाला. जो बाहेर दिसेल तो बंडखोर समजला जाईल, ही धमकी. 48 तासांत माणूस डोक्यावर काय नेणार? उभे पीक तर नेता येत नाही. 2005 च्या सुमारास दहा लाखांहून कितीतरी जास्त माणसे छावण्यांत होती. झोपडीला झोपडी चिकटलेली, एक पेटली की रांग पेटायची. त्याच वर्षीच्या आरोग्य पाहणीत आढळले की गुलू, कितगुम आणि पादेर या तीन जिल्ह्यांत दर आठवड्याला सुमारे एक हजार माणसे जास्तीची मरत होती. मलेरिया आणि एड्सने गोळीपेक्षा जास्त माणसे नेली. याला संरक्षण म्हणायला आमची जीभ वळत नाही.

ठरवून दिलेल्या तासांतच छावणीबाहेर जाता येई. शेत जवळ असेल तर चार वाफे करता येत. लांब असेल तर ते आठवायचे फक्त. पोट भरायला संयुक्त राष्ट्रांकडून मका, कडधान्य, तेल मिळे. ते मिळाले नसते तर आणखी माणसे मेली असती, हे आम्ही मान्य करतो. पण ज्वारी कधी पेरावी, तिळाची पेंढी कशी वाळवावी, कुठल्या वासावरून पाऊस ओळखावा, हे रेशनच्या गोणीतून येत नाही. छावणीत जन्मलेले पोर दहा वर्षांचे झाले तरी त्याने बापाला शेतात राबताना पाहिले नव्हते.

ऑगस्ट 2006 मध्ये युद्धविराम झाला आणि पुढच्या काही वर्षांत लोक गावी परतले. जमीन दहा-दहा वर्षे पडीक, म्हणजे कसदार झालेली. पण माणसाहून उंच गवत आणि झाडोरा माजलेला. मदत संस्थांनी कुदळी आणि बियाणे वाटले. बैलाशिवाय एका कुटुंबाने किती रान मोकळे करावे?

खरा घोळ पुढेच होता. आपल्याकडे भांडण झाले तर सातबारा काढतात, मोजणीदार बोलावतात. तिथली जमीन कुळाच्या चालीरीतीने चालते. 1998 च्या कायद्याने ती रीत मानली, तरी बहुतेकांकडे कागद नव्हता. हद्द म्हणजे एखादे झाड, ओहोळ, वारूळ, आणि ती दाखवणारा म्हातारा. झाडे कोळशासाठी तुटली. म्हातारे छावणीत वारले. आता बांध कुणी दाखवायचा? सख्ख्या भावकीत कुऱ्हाडी निघाल्या. ज्याच्या रानावर छावणी होती त्याला तर शेत परत मिळाले ते संडासाच्या खड्ड्यांसकट आणि परक्यांच्या थडग्यांसकट.

भगिनींनी इथे जरा थांबून वाचावे. तिथे बाईला जमीन मिळते ती नवऱ्याच्या कुळातून. नवरा मेलेला, त्याची साक्ष देणारा सासराही मेलेला. मग दीर म्हणतो, तुझे इथे काय आहे? अनेक विधवांना असे हाकलले गेले. त्याहून वाईट गत बंडखोरांच्या कैदेतून सुटून आलेल्या मुलींची. त्यांच्या मुलांना बापाचे कूळ माहीत नाही किंवा सांगता येत नाही. कूळ नाही तर वावर नाही. युद्ध संपले तेव्हा जी मुले कडेवर होती ती आज विशी ओलांडून गेली आहेत आणि लग्नाच्या वेळी पहिला प्रश्न हाच येतो, घर बांधणार कुठे?

आणि याच भागात 2017 पासून पालाबेक इथे दक्षिण सुदानमधल्या युद्धातून पळालेले शेतकरी वसवले आहेत. जागा दिली ती अचोली कुळांनीच. युगांडात अशा निर्वासित कुटुंबांना बऱ्याच ठिकाणी साधारण 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद तुकडा मिळाला. आम्ही हिशेब केला. नऊ गुंठेही भरत नाहीत. त्यातच झोपडी, चूल, संडास, आणि उरेल त्यात भाजी. कुणी शेजारच्या अचोली शेतकऱ्याचे थोडे रान भाड्याने किंवा वाट्याने करतो. तोंडीच ठरते. कापणीच्या वेळी मालकाचे मन फिरले, तर आलेला माणूस कुणाला साक्षीला बोलावणार? आणि तो मालक स्वतः अजून आपल्या भावाशी बांधासाठी भांडतो आहे.