श्रेणिकाचा वैद्य आणि थायलंडचे मालिश

राजगृहीचा राजा श्रेणिक कोणत्याही जैन घराला परका नाही. भगवान महावीरांच्या समवसरणात जिज्ञासेने प्रश्न विचारणारा आणि आगामी चोवीशीतील प्रथम तीर्थंकर होणारा हा राजा प्रवचनांतून पिढ्यान् पिढ्या ऐकला गेला आहे. बौद्ध वाङ्मयात हाच राजा बिंबिसार या नावाने येतो. त्याच्या दरबारी जीवक नावाचा एक विख्यात वैद्य होता, असे ते वाङ्मय सांगते.

जीवकाने तक्षशिलेत सात वर्षे अध्ययन केले. शेवटी गुरूने त्याच्या हाती कुदळ दिली आणि तक्षशिलेभोवतीच्या एका योजनाच्या परिसरातून औषधी गुण नसलेली एखादी वनस्पती शोधून आणण्यास सांगितले. जीवक रिकाम्या हातांनी परतला. तशी वनस्पती त्याला आढळली नव्हती. तेव्हा गुरूने त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे जाहीर केले. राजगीरला पंचपहाडीच्या यात्रेस जाणाऱ्यांना याच जीवकाच्या आम्रवनाचे अवशेष आजही पाहावयास मिळतात.

या वैद्याचे नाव आज सर्वाधिक भक्तिभावाने घेतले जाते ते थायलंडमध्ये. तेथील पारंपरिक मालिश करणारे साधक कामास आरंभ करण्यापूर्वी हात जोडून जीवकाचे स्मरण करतात, कारण ते त्याला आपल्या विद्येचा आद्य गुरू मानतात. प्राचीन ग्रंथांतला जीवक औषधे देतो आणि शस्त्रक्रिया करतो. मालिश करणारा म्हणून तो कोठेही येत नाही. त्यामुळे हा संबंध इतिहासाचा कमी आणि श्रद्धेचा अधिक आहे. तथापि श्रेणिकाच्या राजवैद्याला गुरुस्थानी मानणाऱ्या या विद्येचा नुसता उल्लेख निघाला तरी आपल्याकडे वडीलधारी मंडळी संकोचून विषय बदलतात, ही विसंगती विचार करावी अशी आहे. पर्यटकांच्या बाजारात या नावाखाली जे काही चालते, त्यामुळे मूळ विद्येवर नाहक डाग पडला आहे.

मूळ विद्या पाहावयाची असेल तर बँकॉकच्या वाट फो या मंदिराकडे वळले पाहिजे. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जुनी राजधानी अयुथ्या उद्ध्वस्त केली, तेव्हा तेथील ग्रंथसंपदेचा मोठा भाग नष्ट झाला. पुढे राजा तिसरा राम याने १८३० च्या दशकात वाट फोचा जीर्णोद्धार करताना उरलेले ज्ञान एकत्र करवले आणि शिलापट्टांवर कोरून मंदिराच्या भिंतींत बसवले. त्यांत वैद्यक होते, काव्य होते, आणि मानवी देहावर दाबाच्या रेषा व बिंदू दाखवणारे मालिशीचे साठ आलेखही होते. शरीर ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या ऋषींच्या ऐंशी धातुमूर्तीही राजाने घडवून घेतल्या. आपल्या पूर्वजांनी जैसलमेर आणि पाटण येथील ज्ञानभांडारांत पोथ्या जिवापाड जपल्या. थाई राजाने आपली विद्या उघड्या भिंतींवर लिहिली, म्हणजे येणारा जाणारा कोणीही ती वाचू शकेल. २०११ मध्ये युनेस्कोने या शिलालेखांची जागतिक स्मृतिनोंदीत दखल घेतली. २०१९ मध्ये ‘नुआद थाई’ या मालिशविद्येचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची सवय असलेल्यांना या पद्धतीतील पहिली गोष्ट नवलाची वाटेल, ती म्हणजे येथे बहुधा तेल नसते. सैल, सुती वस्त्रे अंगावर ठेवूनच जमिनीवर अंथरलेल्या गादीवर निजावयाचे असते. आरंभ पावलांपासून होतो. अंगठे, तळहात, कोपर, गुडघे आणि प्रसंगी पाऊल यांचा उपयोग करून साधक संथ लयीत दाब देतो, काही क्षण थांबतो आणि हळूहळू सोडतो. मधूनमधून हात, पाय, कंबर यांना योगासनांसारखा ताण दिला जातो. फरक एवढाच की आसन करविणारा दुसरा असतो. एका सत्रास एक ते दोन तास लागतात. राजदरबारी चालणाऱ्या पद्धतीत आदरापोटी केवळ हातांचाच वापर होई. कोपर, गुडघे आणि पाऊल ही लोकांमधील पद्धत. १६८७ मध्ये सयामला गेलेल्या एका फ्रेंच राजदूतानेही रोग्याच्या अंगावर चढून पायांनी तुडविण्याच्या या उपचाराची साश्चर्य नोंद केली आहे.

थाई परंपरेनुसार शरीरात वायूचे वहन करणारे दहा प्रमुख मार्ग आहेत. त्यांतील तिघांची नावे इत्था, पिंगखला आणि सुमना अशी आहेत. इडा, पिंगला आणि सुषुम्ना ही नावे ऐकलेल्या वाचकास हे शब्द कोणत्या भूमीतून गेले हे सांगावे लागणार नाही. शवविच्छेदनात असे मार्ग दिसत नाहीत, परंतु दाबाने आणि ताणाने स्नायूंना विसावा मिळतो हे समजण्यास तेवढी अडचण पुरेशी नाही.

या विसाव्याची गरज सर्वाधिक कोणाला आहे, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सकाळी नऊला दुकान उघडणारा व्यापारी रात्री नऊपर्यंत गादीवर किंवा गल्ल्यावर बसून असतो. मान एका बाजूला कलंडून फोन खांद्याशी दाबलेला, नजर संगणकावर, पाठीला आधार नाही. कापडाचे तागे उचलणाऱ्याची कंबर आणि रत्ने पारखणाऱ्याची मान वर्षानुवर्षे एकाच कोनात वाकलेली असते. पन्नाशी उलटली की दुखणे कायमचे होते आणि मग वेदनाशामक गोळीची पट्टी गल्ल्यातच ठेवली जाते. ‘सीझन संपू दे, मग बघू’ हे वाक्य अनेक घरांत दहा-दहा वर्षे उच्चारले गेले आहे. वैद्यकीय सल्ल्याविना रोज घेतलेल्या अशा गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला किती महाग पडतात, हे पुष्कळदा फार उशिरा कळते. आणखी एक हानी कोणत्याही वहीत लिहिली जात नाही: अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकासाठी कटासनावर बसणारा श्रावक एके दिवशी खुर्ची मागतो, आणि पुढे पुढे सामायिकच टाळू लागतो.

अशा शरीरास थाई मालिश काय देऊ शकते? आखडलेले स्नायू सैल होतात, सांध्यांची हालचाल काही काळ अधिक मोकळी होते, दीर्घकालीन कंबरदुखी, मानदुखी आणि ताणामुळे होणारी डोकेदुखी यांत अनेकांना तात्पुरता उतार पडतो. मन शांत होते आणि त्या रात्री झोप चांगली लागते. झालेल्या अभ्यासांतूनही साधारण हेच चित्र दिसते: अल्पकाळ आराम मिळतो, दीर्घकाळच्या लाभाबद्दल पुरावा तितका भक्कम नाही. म्हणजे हे मुद्दल नव्हे, उसंत आहे. मिळालेल्या उसंतीत चालणे, आसने आणि बसण्याची पद्धत सुधारणे हे ज्याने केले, त्याच्याच खाती लाभ जमा राहतो. मधुमेह मुळापासून जातो, सरकलेली चकती जागेवर बसते किंवा रक्तातील विषे बाहेर पडतात, असे सांगणाऱ्या केंद्राकडे पाठ फिरवावी.

काही प्रसंगी तर मालिश घेऊच नये. हाडे ठिसूळ झालेली असणे, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा अस्थिभंग, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ, ताप, त्वचेचा संसर्ग, अनियंत्रित रक्तदाब ही त्यांतील प्रमुख कारणे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, हृदयरोग्यांनी, कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून पाऊल उचलू नये. जांघेतील धमनी काही क्षण दाबून धरण्याची एक जुनी क्रिया या पद्धतीत आहे. हृदयरोग्याने ती कटाक्षाने नाकारावी. मानेला झटका देऊन आवाज काढण्याचा आग्रह कोणी धरला, तर कोणत्याही वयाच्या व्यक्तीने नकार द्यावा. पाय बधिर होणे किंवा पायातील शक्ती कमी होणे हे मालिशीचे नव्हे, अस्थिरोगतज्ज्ञाचे काम आहे.

आपल्या मर्यादांचा प्रश्नही येथे सहज सुटतो. वस्त्रे अंगावर राहतात, आणि पुरुषास पुरुष व स्त्रीस स्त्री साधक मागता येतो. चांगल्या केंद्रात या मागणीचे कोणालाही आश्चर्य वाटत नाही. वाफवलेल्या वनौषधींची पुरचुंडी अंगावर शेकण्याचाही प्रघात आहे. तीत गवती चहा आणि कापराबरोबर हळद आणि आल्याच्या जातीचे ‘प्लाय’ नावाचे कंद असतात. हा वापर बाह्य असला तरी ज्यांचा कंदमुळाविषयी कडक नियम आहे, त्यांनी शेक नको असे आधीच सांगावे. त्यावाचून मालिश अपुरे राहत नाही. रत्नांच्या व्यापारानिमित्त बँकॉकच्या सिलोम भागात ये-जा असलेल्या कुटुंबांना वाट फोच्या आवारातील, १९५५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यालयाशी संलग्न दालनात हा अनुभव घेता येईल. मुंबई-पुण्यात घ्यावयाचा असेल, तर साधकाने शिक्षण कोठे घेतले हे विचारावे आणि त्याने आपल्याला आजारांविषयी विचारले की नाही, हेही पाहावे. ज्याने काही न विचारता दाब देण्यास सुरुवात केली, त्याच्या हाती देह सोपवू नये.

थाई साधक आपल्या कामाचा पाया ‘मेत्ता’ हा मानतात. समोरच्याचे दुःख कमी व्हावे ही भावना नसेल तर तो नुसता दाब ठरतो, असे त्यांचे शिक्षण आहे. मेत्ता म्हणजे मैत्री. आपल्याकडील चार भावनांत मैत्री पहिली आहे. हे मैत्रीचे नाते जीवमात्राशी जोडताना स्वतःच्या देहाला मात्र बारा तास राबवून घेणे आणि तो कण्हू लागला की गोळीने गप्प करणे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. देहाचे लाड नकोत, हे धर्माने शिकवले आहेच. पण ज्या देहाने तप, स्वाध्याय आणि सामायिक करावयाचे, तो कटासनावर बसू शकेल इतका निरोगी ठेवणे हेही श्रावकाच्याच कर्तव्यात मोडते. त्यासाठी सीझन संपण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.